पाच डबे आणि एक शेपूट

आमच्या घरी ताट समोर आलं म्हणजे लगेच जेवायचं, असं नव्हतं. आधी ताटाची हजेरी व्हायची. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे आणि घरी आल्यावर फक्त शर्ट बदलायचे, मास्तर तसाच अंगावर राहायचा. पाटावर बसले की माझ्या ताटातला एकेक जिन्नस बोटानं दाखवायचे आणि मी घडाघडा उत्तरं द्यायचे. तुरीचं वरण? वनस्पती सृष्टी. ज्वारीची भाकर? वनस्पती सृष्टी. दही? इथं मी एक श्वास घ्यायचे, डोळे मोठे करायचे, आणि घरात पाहुणे असतील तर मुद्दाम त्यांच्याकडे वळून म्हणायचे, "दूध प्राण्याचं, पण त्याचं दही केलं मोनेरा सृष्टीनं! या वाटीत आत्ता लाखो जीव वळवळून राहिलेत!" पाहुण्यांचा घास तिथंच थांबायचा. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अवं, लोकायले जेवू दे नं धड!" बाबा शाब्बास वगैरे म्हणायचे नाहीत. मिशीतल्या मिशीत हसायचे. त्या हसण्यावर मी अख्खी भाकर कोरडी खाल्ली असती.

आमच्या शाळेच्या पुस्तकात तेव्हा सजीवांचे दोनच गट होते, वनस्पती आणि प्राणी. जे हलतं ते प्राणी, जे जागेवर उभं राहतं ते वनस्पती, संपला कारभार. पण बाबांनी कुठूनसं वाचून काढलं होतं की शास्त्रज्ञांनी आता पाच सृष्टी मानल्या आहेत. एका पेशीचे, ज्यांच्या पेशीत केंद्रकसुद्धा नीट नाही, ते मोनेरा. एका पेशीचेच, पण केंद्रक असलेले, ते प्रोटिस्टा. मग बुरशी आणि अळंबी यांची कवक सृष्टी, कारण ते हलत नाहीत आणि झाडासारखं स्वतःचं अन्नही करत नाहीत. मग वनस्पती, मग प्राणी. बाबा हे असं सांगायचे की जणू आमच्या नालवाडीच्या घरामागं तीन नवे देश सापडले आहेत. दरवर्षी पोळ्याच्या आधी शाळेत विज्ञान प्रदर्शन भरायचं. त्यात बाबांचं पंचसृष्टीचं टेबल असायचं आणि टेबलाच्या उजव्या बाजूला, दोन वेण्या, लाल रिबिनी आणि हातात छडी अशा थाटात, मी. गावभरचे पालक यायचे. मी छडी फिरवायचे. चौथीपासून आठवीपर्यंत ती जागा माझी होती. तिथं दुसरं कुणी उभं राहू शकतं, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

मग नववीत वंदी आली.

वंदी म्हणजे माझ्या मोठ्या बाबांची, बाबांच्या थोरल्या भावाची मुलगी. ते रोहण्याला शेती करायचे. पोरगी हुशार आहे, काकाच्या हाताखाली मॅट्रिक होऊ दे, म्हणून त्यांनी तिला आमच्याकडे आणून सोडलं. एक पत्र्याची पेटी, एक पिशवी भुईमुगाच्या शेंगा आणि वंदी. माझ्याच वयाची, माझ्यापेक्षा काळी, माझ्यापेक्षा उंच आणि पायात चप्पल घालायची तिला आठवणच राहायची नाही. मला अगदी बरं वाटलं. शेजारी उभी केली तर आपण उठून दिसू असं माणूस घरात आलं की कुणालाही बरं वाटतं. न वाटणारा मला अजून भेटला नाही.

पहिल्याच दिवशी बाबांनी तिच्या ताटाची हजेरी घेतली. भरल्या वांग्याकडे बोट दाखवून म्हणाले, "सांग वंदे, हे कोणत्या सृष्टीतलं?"

"मले नाई ठाऊक काकाजी," वंदी म्हणाली. मी मान खाली घालून हसले. मग ती वांग्याचं देठ उलटंपालटं करत म्हणाली, "पन एक इचारू? वांग्याचं फूल अन् धोतऱ्याचं फूल, दोन्हीची ठेवन सारखीच दिसते. धोतऱ्याचं लांब भोंग्यासारखं असते, थे सोडा. पन पाकळ्या जुळल्या राह्यते दोन्हीच्या बी. हे भाऊबंद असतीन का?"

बाबांचा घास ताटात खाली आला. वांगं आणि धोतरा खरोखरच एका कुळातले आहेत, आणि हे बाबांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं, कारण आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं. ते मिशीतल्या मिशीत हसले नाहीत. तोंडभर हसले, दात दिसेपर्यंत. मी त्यांचे दात इतके स्पष्ट त्याआधी पाहिले नव्हते. मी जळले. त्या क्षणाचं वर्णन करायला माझ्याकडे याहून चांगला शब्द आजही नाही, आणि शोधायची इच्छाही नाही. जळले, आणि माझ्या ताटातलं वांगं तसंच टाकून उठले.

पुढचे दोन महिने मी जे केलं ते सगळं सांगत नाही. काही गोष्टींबद्दल वंदीला अजून पत्ता नाही आणि हे पुस्तक तिच्या हाती जाणार आहे. तिची कंगवी हौदात कशी पडली, तिचा नागरिकशास्त्राचा पेपर होता त्या दिवशी मी तिला भूगोलाचा आहे असं कसं सांगितलं, हे राहू द्या. (वंदे, कंगवी मीच टाकली होती.) एवढंच सांगते की आता बाबा संध्याकाळी सायकल लावली की आधी तिला हाक मारायचे. "वंदे, ये, आज काय पाह्यलं?" आणि ती कुठली तरी किड्याची कात, एखादं पान, चिखलातला कसलासा गोळा पुढं करायची. मी आत पाढे म्हटल्यासारख्या पाच सृष्टी मोठमोठ्यानं म्हणायचे. कुणी ऐकायचं नाही. मागच्या रुळांवरून मालगाडी जायची, तेवढीच माझ्या आवाजाला साथ.

आईचं मात्र या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं, कारण तिचं स्वतःचं वर्गीकरण होतं आणि ते बाबांच्यापेक्षा कडक होतं. देवापुढं चालणारं, स्वयंपाकघरात चालणारं, अंगणापुरतं चालणारं आणि फाटकातच न चालणारं, असे तिचे चार गट. बटाटा, साबुदाणा पहिल्यात. कांदा-लसूण दुसऱ्यात, पण श्रावणात हद्दपार. अंडी, मटण तिसऱ्यात. अंगणात एक वेगळी चूल, शिजवायला वेगळा गंज, वेगळी पळी, आणि ती भांडी घासायची तीही बाहेरच्या दगडावर. आणि याच तिसऱ्या गटात आई सात्याही टाकायची. सात्या म्हणजे पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या पांढऱ्या अळंबीच्या छत्र्या. रोहण्याकडं त्या निघाल्या की मोठे बाबा टोपलंभर घेऊन यायचे. बाबा आईला समजावायचे, "अगं, ही काही मांस नाही." आई म्हणायची, "मंग शिजतानी मटनासारखी काऊन वासते? झाडाची भाजी अशी नाई वासत. माह्या सैपाकघरात नाई येनार थे."

यावर बाबा हसायचे, मीही हसायचे. आता माझा मुलगा, जो याच विषयात काहीतरी मोठं शिकला आहे, मला सांगतो की अलीकडं शास्त्रज्ञांनी आतल्या रचनेवरून पाहिलं तेव्हा कवकं ही झाडांपेक्षा प्राण्यांची जवळची नातलग निघाली. म्हणजे आमची आई चुलीच्या वासावरून जिथं पोचली होती तिथं यायला शास्त्राला तेवढा वेळ लागला. मी तिला फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, समजलं त्यायले." आणि ठेवून दिला.

तर त्या वर्षी प्रदर्शन जवळ आलं आणि बाबांनी जेवताना जाहीर केलं की टेबलाजवळ एकीलाच उभं राहता येईल. जागा लहान आहे. मी वर पाहिलं. मला वाटलं हे ते वंदीला समजावतायत. पण ते दोघींकडेही सारखंच पाहत होते. त्यांनी आम्हाला खडूचे पाच-पाच रिकामे डबे दिले. एका डब्यात एक सृष्टी. रविवारी दुपारी आपापले डबे मांडायचे आणि प्रत्येक वस्तू तिथं का, ते सांगायचं. जिचं पटेल ती टेबलाजवळ उभी राहील. माझ्याच जागेसाठी माझीच परीक्षा! मी त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडले आणि सकाळी उठून कामाला लागले.

माझं सगळं तयार होतं. मोनेरात दह्याची वाटी. प्रोटिस्टात हापशीमागच्या डबक्याचं पाणी, बाटलीत. वनस्पतीत जास्वंद. प्राण्यांत गोगलगायीचा शंख. राहिलं कवक. त्यासाठी मी भाकरीचा तुकडा पाणी शिंपडून ओसरीच्या कोपऱ्यात झाकून ठेवला होता, आणि चार दिवसांत त्यावर सुंदर हिरवी-काळी बुरशी धरली होती. शनिवारी पाहते तर तुकडा गायब. आईनं तो शेजारच्या गायीला घातला होता. "वास मारून राह्यला होता," ती म्हणाली. गाय आनंदात होती.

त्याच संध्याकाळी मोठे बाबा आले, डोक्यावर टोपलं. पळसाच्या पानांत गुंडाळलेल्या ताज्या सात्या. श्रावण चालू होता, तेव्हा आईनं टोपल्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ते बाहेरच, भांडी घासायच्या दगडाजवळ, फाटकं पोतं झाकून ठेवायला लावलं. वंदीनं त्यातली एक छान छत्री आपल्या डब्यासाठी निवडून बाजूला ठेवली. बाकीच्या तशाच. मी मागितली असती तर तिनं दिली असती, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण तिच्याकडं मागायचं? माझ्या जागेवर उभं राहायला निघालेल्या पोरीकडं हात पसरायचा? त्यापेक्षा चोरी मला जास्त अब्रूदार वाटली.

रविवारी सकाळी आई देवळात गेली, वंदी पाण्याला गेली, आणि मी पोत्याखाली हात घातला. अगदी टवटवीत छत्री मिळाली. पण बाहेर काढली तर तिच्या दांड्याखाली एक लांबच लांब शेपूट लोंबत होती. वीतभर, काळपट, टोकाकडं निमुळती होत गेलेली, मुळासारखी. मी घाबरले. बाबांनी दिलेली व्याख्या मला तोंडपाठ होती. कवकांना मूळ, खोड, पान नसतं. आणि हिला तर सरळसरळ मूळ होतं! ही अशीच डब्यात ठेवली तर बाबा विचारतील, "मग ही कवक कशी?" आणि माझ्याकडं उत्तर नसेल. मी दुसरी काढून पाहिली. तिलाही शेपूट. माझ्या मनात एकदाही आलं नाही की याबद्दल कुणाला विचारावं. मी बाबांच्या दाढीच्या सामानातून ब्लेड आणलं, शेपूट बरोबर मुळापासून उडवली आणि तुकडा मोरीत टाकून दिला. मग छत्री डब्यात ठेवली. सुबक, गोल, स्वच्छ. थेट व्याख्येतून उगवल्यासारखी.

दुपारी ओसरीवर डबे मांडले. मोठे बाबा खांबाला टेकून सुपारी कातरत बसले होते. मी आधी बोलले आणि खरंच सुंदर बोलले. दह्याशी थांबले, श्वास घेतला, डोळे मोठे केले. सगळं झाल्यावर बाबांनी मान डोलावली. मग वंदीनं डबे उघडले. मोनेरात तिनं तुरीचं एक रोपटं मुळासकट ठेवलं होतं. मुळांवर बारीक बारीक गाठी. "या गाठीइत काई तरी राह्यते काकाजी. आमचे बाबा म्हनतात तुरीच्या मांगं जमीन चांगली होते. तुमी त्या दिवशी म्हनले होते ना, डोळ्याले न दिसनारे जीव बी जमिनीले खाऊ घालतात, म्हनून मी हे आनलं." प्रोटिस्टात माझ्यासारखंच डबक्याचं पाणी. वनस्पतीत वांग्याचं फूल आणि धोतऱ्याचं फूल, शेजारी शेजारी. प्राण्यांत एका शिशीत वाळवी, जिवंत. आणि कवकात तिची छत्री, वीतभर शेपटीसकट, खाली वारुळाच्या मातीचं ढेकूळ तसंच चिकटलेलं.

बाबा काही विचारणार, एवढ्यात वंदीचं लक्ष माझ्या डब्याकडं गेलं. तिनं माझी छत्री उचलली आणि खालून पाहिली.

"हिची शेपूट कोनं कापली वं?"

"कापली नाही. तशीच होती."

"तशी कशी राहीन? सात्यायले शेपूट राह्यतेच. खाली वाळवीच्या घरापर्यंत जाते थे. तुही तर ब्लेडनं कापल्यावानी दिसून राह्यली." मग तिनं अंगणात दगडाकडं पाहिलं, पोत्याकडं पाहिलं, आणि माझ्याकडं. "बेबे, मांगली असती तर देली नसती का तुले? टोपलंभर पडल्या आहेत."

मोठ्या बाबांचा अडकित्ता थांबला. आता रडण्याशिवाय किंवा भांडण्याशिवाय मार्ग नव्हता. मी दोन्ही केलं. "कवकांना मूळ नसतंच!" मी बाबांवरच ओरडले. "तुम्हीच सांगितलं होतं! मग त्या शेपटीचं मी काय करणार होते? चुकीचं होतं ते, म्हणून काढून टाकलं!"

बाबांनी माझी छत्री हातात घेतली. कापलेला भाग अंगठ्यानं चाचपला. त्यांना राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "बेबी, हिला व्याख्येत बसवायला तू हिलाच कापलंस? मला विचारायचं होतंस की ही शेपूट काय आहे." मग पुढं म्हणाले, "ते मूळ नाही. वाळवी वारुळात या अळंबीची शेती करते, तिथपर्यंत ते जातं. या टोपल्यात पाहण्यासारखं जर काही असेल, तर ती शेपूटच होती. तुकडा कुठं आहे?"

तुकडा मोरीतून गेला होता.

टेबलाजवळ कोण उभं राहणार, हे मोठ्यानं सांगायची गरजच पडली नाही. संध्याकाळी वंदीनं अंगणातल्या चुलीवर सात्या शिजवल्या. आई आत पाठ करून बसली होती. बाबा विटेवर बसून फुंकणीनं जाळ फुंकत होते, दोघांचं काहीतरी वाळवीबद्दल चाललं होतं, आणि लसूण, तिखट अन् त्या रश्श्याचा वास असा घरभर पसरला की माझ्या ताटातला गोळाभात मला मातीसारखा लागला. मोठ्या बाबांनी हाक मारली, "ये नं बेबे, दोन घास खाऊन पाह्य." मी म्हणाले, मला श्रावण आहे. आईनं वळून माझ्याकडं पाहिलं. आतापर्यंत मला कधी श्रावण नव्हता. पण तिनं माझ्या वाटीत आणखी कढी वाढली तेवढी.

प्रदर्शनाच्या दिवशी मी पहिल्यांदाच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, पालकांच्या गर्दीत, आईजवळ उभी राहिले. वंदीच्या पायात चपला होत्या, आईनं सक्तीनं घातलेल्या. छडी तिनं घेतलीच नाही. बोटानंच दाखवत होती. लोकांना ती आमच्या भागातल्या बोलीत सांगत होती आणि अडखळतही होती, पण लोक पुढं वाकून पाहत होते. माझ्या वेळी ते मागं टेकून ऐकायचे. आणि तिच्या बाजूला बाबा उभे. मी बाबांना असं समोरून, टेबलापाशी, कधीच पाहिलं नव्हतं. मी नेहमी त्यांच्या शेजारी असायचे आणि लोकांकडं पाहायचे.

आई माझ्या कानाशी म्हणाली, "तू बोलत होती तवा त्यायचे ओठ बी हालत राह्यत. तुह्यासंगं सारं म्हनत. आज पाह्य, कसे गप उभे आहेत."

तिनं ते सहज म्हटलं. तिला वाटलं असेल, मला बरं वाटेल. मी पाहिलं. बाबांचे ओठ मिटलेले होते, मान किंचित तिरपी, आणि ते ऐकत होते. पुढं ही काय बोलणार हे ज्याला ठाऊक नाही असा माणूस ऐकतो, तसं. माझं पाच वर्षांचं सगळं बोलणं बाबांना आधीच पाठ होतं. ते त्यांचंच होतं. टेबल गेलं, जागा गेली, ते परवडलं असतं, पण ते मिटलेले ओठ मला सहन झाले नाहीत. जी जळजळ मला दोन महिने रोज थोडी थोडी होत होती ती त्या एका मिनिटात सगळी एकदम झाली. आता हिची फजिती व्हायलाच पाहिजे, इथं, सगळ्या गावासमोर, असं मी ठरवलं आणि हात वर केला.

"प्रश्न आहे!" मी म्हणाले. लोक वळले. "वारुळातली वाळवी सगळी मरून गेली, तर तिथं सात्या उगवतात का? नाही उगवल्या, तर मग या अळंबीला एकटीला जगता येतं की नाही?"

वंदीनं तोंड उघडलं. विचार केला. "मले नाई ठाऊक," ती म्हणाली, आणि बाबांकडं पाहिलं.

बाबांनीही विचार केला. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, टेबलावरचा एक कागद ओढला आणि पालक, हेडमास्तर, वंदी, सगळ्यांना तसंच उभं ठेवून माझा प्रश्न लिहून घेतला. लिहिताना मला म्हणाले, "पुन्हा सांग, बेबी. हळू." मी पुन्हा सांगितलं, हळू. त्यांचे ओठ मिटलेले होते.

वंदी आता तळेगावला असते. बाबा वर्षातून महिनाभर तिच्याकडं राहायला जातात आणि तिथल्या अंगणातले किडे मला फोनवर ऐकवतात. मी अजून जळते. बाबा आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, आमच्या बेबीला लहानपणापासून फार जिज्ञासा. प्रदर्शनात तिनं असा प्रश्न विचारला की मी गप्प झालो. मी समोर बसून मान खाली घालते. तो प्रश्न मी कशासाठी विचारला होता, ते मी त्यांना कधीच सांगितलेलं नाही.